भास्कररावांच्या बाहीवरची शाई

लग्न होऊन सासरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी अहल्याबाईंच्या हातात एक पांढरा अंगरखा दिला. उजव्या बाहीला मनगटापासून वर वीतभर काळी शाई होती.

"कारकुनाचं घर आहे, हे रोजचंच," सासूबाई म्हणाल्या. "खार घालून चांगला उकळून काढ."

अहल्याबाई तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. वडील बडोद्याच्या सरकारी पागेत होते. माहेरच्या धुण्यात घोड्यांचा घाम असे, खोगिराच्या तेलाचे डाग असत. शाई घरात यायचीच नाही. त्यांनी सांगितल्याप्रमाणे खार घातला, अंगरखा उकळला, आणि बाहेर काढला तेव्हा काळा डाग गंजासारखा तांबूस झाला होता. पुन्हा उकळला तर आणखी पक्का बसला. सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी ती बाही उसवली, जुन्या धोतराच्या कापडाची दुसरी लावली आणि उसवलेल्या तुकड्याचं पोतेरं केलं. अहल्याबाई मात्र पुढे कित्येक दिवस त्या पोतेऱ्याने चूल सारवताना त्या तांबूस डागाकडे बघत असत.

नवऱ्याचं नाव भास्करराव. दांडिया बाजाराच्या मागच्या बोळात दोन खोल्या आणि परसात विहीर, एवढं घर. भास्करराव एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांच्या अक्षराची कचेरीत ख्याती होती. मोडी असो की बाळबोध, ओळ आखल्यासारखी सरळ जायची. वरच्या अधिकाऱ्यांकडे जायचा कागद असला की शिरस्तेदार तात्यासाहेब म्हणायचे, "हा भास्कररावांकडे द्या." बाकी भास्करराव कमी बोलणारे गृहस्थ होते. जेवताना मीठ कमी असलं तरी सांगत नसत.

शाईवरचा उपाय अहल्याबाईंना एकदा भाजी निवडताना सापडला. अंबट चुका चिरून झाला होता, बोटांना रस लागलेला होता, आणि वाळत घातलेल्या अंगरख्याची घडी करायला त्या तशाच उठल्या. दुसऱ्या दिवशी बघतात तर जिथे बोटं टेकली होती तिथला डाग फिकट पडलेला. मग त्यांनी चुक्याची मूठभर पानं वाटली, त्यात मीठ घातलं, डागावर लेप दिला आणि कपडा उन्हात ठेवला. वाळला की पाणी शिंपडायचं, पुन्हा उन्हात. दुपारपर्यंत काळ्याचं राखी झालं, संध्याकाळपर्यंत राखीचंही काही उरलं नाही. फक्त नंतर कपडा चार पाण्यांतून काढावा लागतो हे त्या एक धोतर विरल्यावर शिकल्या. आंबट रस सुतात राहिला तर सूत खातो.

पुढच्या काही वर्षांत त्यांना शाईच्या जाती कळल्या. मायफळ आणि हिराकसाची, म्हणजे कचेरीतली नेहमीची काळी शाई असेल तर चुका, नाहीतर लिंबू आणि मीठ. त्या शाईला खार दाखवायचा नाही, तो तांबूस डाग त्यानेच पडतो. काजळ घोटून केलेली शाई असेल तर आंबटाचा काही उपयोग नाही. तिथे शिळा भात आणि साबण घेऊन कापडाच्या उलट्या बाजूने दामटायचं, म्हणजे काजळ भाताला चिकटून निघतं. शिक्क्याची जांभळी शाई सगळ्यांत हट्टी. ती स्टोव्ह पेटवायच्या स्पिरिटने जाते हे त्यांना पुष्कळ उशिरा, घरात स्टोव्ह आल्यावर समजलं. आणि कुठलीही शाई असो, ओली असतानाच धरली आणि दुधात बुडवली तर निम्मं काम तिथेच होतं.

शेजारची रेवाबेन विहिरीवर पाणी भरायला आली की ही सगळी खटपट बघत उभी राहायची. तिच्या यजमानांचं मांडवीत कापडाचं दुकान होतं. "अहल्याबेन, तुम्ही तर धोब्याचं पोट मारणार," असं ती अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या मराठीत म्हणायची आणि मग हळूच आपल्या मुलाचा शाळेचा सदरा पुढे करायची.

रोज तोच अंगरखा हातात येत असल्यामुळे अहल्याबाईंना नवऱ्याचा दिवस कपड्यांवरून समजायला लागला. बाहीच्या कडेला सरळ काळी रेघ असेल तर दिवसभर मोठ्या वहीत लिहिलं. मांडीवर ठिपका असेल तर टाक पुसायचं फडकं सापडलं नाही. जांभळा अंगठा दिसला की शिक्के मारायचं काम होतं. त्या कधी बोलून दाखवत नसत, पण संध्याकाळी भास्करराव पाय धुऊन बसले की विचारत, "आज शिक्क्यांचं काम होतं वाटतं?" आणि ते मान हलवत.

अशी बावीस-तेवीस वर्षं गेली. सासूबाई गेल्या. मुलगी झाली, निरुपमा. बारा वर्षांची होऊन ती मराठी शाळेत पुढच्या इयत्तेत गेली. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीला तेव्हा तीस वर्षं उलटून गेली होती आणि मुलीला शाळेत घालणं ही आता बोळात कोणाला नवलाची गोष्ट राहिली नव्हती. खंडेराव मार्केट उघडून चार-पाच वर्षं झाली होती, तिथली भाजीवाली अहल्याबाईंना लांबून बघूनच चुक्याची जुडी बाजूला काढायची आणि म्हणायची, "बेन, आजे तमारी खाटी भाजी ताजी छे."

त्या सुमाराला डागांची तऱ्हा बदलली.

आधी छातीवर बारीक ठिपके आले, राईच्या दाण्याएवढे, फवारा उडाल्यासारखे. टाकाचं टोक कागदात अडकून उडालं की असे ठिपके उडतात हे अहल्याबाईंना ठाऊक होतं, पण भास्कररावांचा टाक कधी अडकत नसे. मग डाव्या बाहीवर डाग दिसू लागले. उजव्या हाताने लिहिणाऱ्या माणसाच्या डाव्या बाहीला शाई का लागावी? एकदा धोतराच्या मांडीवर पसाभर डाग आला. आणि एक दिवस अंगरख्याच्या आतल्या पदराला शाई दिसली. वरचा पदर स्वच्छ आणि आतला काळा. म्हणजे शाई सांडली होती आणि त्यांनी कोणाला दिसू नये म्हणून ती आतल्या पदराने पुसली होती.

अहल्याबाईंनी तो अंगरखाही धुऊन स्वच्छ केला. विचारलं काही नाही. पण आता त्यांचं लक्ष राहू लागलं. भास्करराव पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरत होते. देवपूजेनंतर कपाळावरचं गंध वाकडं येत होतं. कोल्हापूरच्या भावाला पत्र लिहायचं होतं, तेव्हा त्यांनी निरुपमाला बसवलं आणि आपण सांगत गेले.

"बाबा, तुम्ही का नाही लिहीत?" निरुपमाने विचारलं.

"डोळे दुखतात," ते म्हणाले.

मग एके दिवशी उजव्या बाहीच्या आत तेलाचा डाग सापडला. त्याला औषधी तेलाचा उग्र वास होता, वैद्याकडच्या तेलाला येतो तसा. दिवाणखान्यात बसून एखाद्याने आपलं सगळं सांगून टाकावं तसं त्या डागाने अहल्याबाईंना सांगून टाकलं.

सुट्टीच्या दिवशी निरुपमा रेवाबेनकडे गेली होती तेव्हा त्यांनी विषय काढला.

"हाताला काय झालंय?"

भास्करराव पंचांग बघत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "कोणाच्या?"

"वैद्यांनी तेल दिलंय ना?"

त्यांनी पंचांग मिटलं. मग म्हणाले, "थरथरतो. आधी फक्त सकाळी थरथरायचा. आता लिहायला बसलं की सुरू होतो."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या संक्रांतीनंतर."

"कचेरीत ठाऊक आहे?"

"नाही. एकेक पान दोनदा-तीनदा लिहितो. खराब झालेलं फाडून टाकतो. सगळे गेल्यावर बसतो थोडा वेळ." त्यांनी पंचांग कोनाड्यात ठेवलं. "कपडे बघून कोणाला शंका आली असती. पण सकाळी मी रोज स्वच्छ अंगरख्यात जातो."

हे बोलताना त्यांच्या आवाजात आभार होते. दीड वर्ष आपण एकेक डाग काढत होतो आणि त्याबरोबर हे दुखणंही दडवत होतो, हे अहल्याबाईंच्या तोपर्यंत ध्यानात आलं नव्हतं.

"तात्यासाहेबांना सांगा," त्या म्हणाल्या. "चांगले गृहस्थ आहेत. समजून घेतील."

"काय सांगू? कारकुनाला लिहिता येत नाही म्हणून सांगू?"

विषय तिथेच राहिला. आश्विन लागला, घट बसले.

खंडेनवमीच्या दिवशी कचेऱ्यांतून दौत-टाकाची पूजा होत असे. भास्कररावांच्या कचेरीतही व्हायची. मोठी पितळी दौत घासूनपुसून त्या दिवशी ताज्या शाईने भरत आणि कचेरीतल्या सगळ्यांत चांगल्या अक्षराचा माणूस ती उचलून पाटावर ठेवत असे. दहा-बारा वर्षं हा मान भास्कररावांकडे होता. त्या दिवशी तात्यासाहेब पूजेला नवा अंगरखा घालून आले होते. बारीक मलमलीचा, गळ्याला लाल रेशमी गोट. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या स्वारीत आणि दरबारात हाच घालून जायचं म्हणून मुद्दाम शिवून घेतलेला. ते पाटापाशी उभे होते. भास्कररावांनी दौत उचलली, दोन पावलं टाकली, आणि सगळ्यांच्या देखत त्यांचा हात असा थरथरला की दौत कलंडून निम्मी शाई तात्यासाहेबांच्या छातीवरून खाली गुडघ्यापर्यंत गेली.

तात्यासाहेबांनी अंगरख्याकडे पाहिलं, भास्कररावांकडे पाहिलं, आणि "असू द्या, पूजा होऊ द्या," एवढंच म्हणाले. भास्कररावांनीच हात जोडून तो अंगरखा मागून घेतला. तात्यासाहेब वर उपरणं गुंडाळून घरी गेले.

दुपारी बाराच्या सुमाराला भास्करराव घरी आले. हातात कापडाचं बोचकं होतं. ते त्यांनी अहल्याबाईंच्या पुढे ठेवलं आणि काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. चेहरा उतरलेला होता, पण ते नेहमीच्याच आवाजात बोलत होते.

"उद्या दुपारी त्यांना हा लागणार," ते म्हणाले.

अहल्याबाईंनी अंगरखा उलगडला. शाई अजून मधे मधे ओली होती. त्यांनी निरुपमाला दूध आणायला पाठवलं, रेवाबेनला हाक मारली, आणि भास्कररावांना मार्केटमधून मिळेल तेवढा चुका आणायला सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी लाल गोटाला सुक्या फडक्याची घडी टाचून घेतली, कारण रेशमाला आंबट लागलं असतं तर लाल रंग उतरून पांढऱ्यावर आला असता. मग पुढचा भाग दुधात बुडवला. दूध काळं झालं, ते टाकलं, दुसरं घेतलं. तिसऱ्या खेपेला दूध निळसर राखाडी निघालं.

"शुं थयुं, बेन? कोनो छे?" रेवाबेनने अंगरखा बघून विचारलं. कोणाचा आहे हे कळल्यावर ती लगेच पाणी शेंदायला लागली.

चुका आला. वाटला, मीठ घातलं, लेप दिला. आश्विनाचं ऊन चांगलं कडक होतं. परसात चादर अंथरून त्यावर अंगरखा पसरला आणि अहल्याबाई शेजारी बसून राहिल्या. लेप वाळला की हाताने पाणी शिंपडायचं, पानं काढून नवीन घालायची. भास्करराव दारात बसले होते. दोन वाजता एकदा, तीन वाजता एकदा ते उठून आले, बघून गेले. चार वाजेपर्यंत काळी शाई उतरली. ऊन परसातून निघून गेलं तेव्हा अहल्याबाईंनी अंगरखा चार पाण्यांतून काढला आणि प्रकाशात धरला.

छातीपासून गुडघ्यापर्यंत राखेसारखी सावली राहिली होती.

त्यांनी पुन्हा थोडा चुका चोळून पाहिला. काही फरक पडला नाही. तेवीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्या अंगरखा घेऊन दारात आल्या.

"दौतीतली शाई कुठली होती?"

"नेहमीचीच. मायफळाची."

"तेवढीच?"

भास्कररावांनी आठवून पाहिलं. "पूजेची म्हणून हेरंबने थोडं काजळ घोटून घातलं होतं. चकाकी यावी म्हणून." हेरंब म्हणजे कचेरीत नवा लागलेला तरुण कारकून.

"मग हे काजळ आहे," अहल्याबाई म्हणाल्या आणि त्यांना बरं वाटलं. डाग कसला ते कळलं होतं. त्यांनी रात्रीचा भात जास्त टाकला आणि झोपायला गेल्या.

दसऱ्याला सकाळी उठून त्यांनी शिळा भात साबणात कुस्करला. अंगरखा उलटा करून पाटावर पसरला आणि बोटांच्या टोकांनी हलक्या हाताने दामटायला सुरुवात केली. मलमल बारीक, जोर लावला असता तर विरली असती. दामटायचं, राखी झालेला भात काढून टाकायचा, नवा घ्यायचा. दारावर झेंडूचं तोरण लावायचं राहिलं होतं, ते निरुपमाने लावलं. नऊ वाजता छाती स्वच्छ झाली. दहा वाजता पोटापर्यंत. खालच्या घेराला, चुणीत झाकली जाईल अशा जागी, करंगळीएवढी सावली राहिली आणि ती शेवटपर्यंत गेली नाही. रेवाबेनच्या घरी पितळेची इस्त्री होती. तिने निखारे भरून दिले. खळ देऊन, चुण्या घालून अंगरखा तयार झाला तेव्हा साडेअकरा झाले होते.

"मी देऊन येतो," भास्करराव म्हणाले.

"तुम्ही नका जाऊ. मी जाते."

भास्करराव वाद घालण्याच्या मनःस्थितीत नव्हते. अहल्याबाईंनी चांगलं लुगडं नेसलं, अंगरखा धुतलेल्या पंच्यात गुंडाळला आणि निरुपमाला बरोबर घेऊन त्या सुरसागराच्या काठच्या तात्यासाहेबांच्या घरी गेल्या.

तात्यासाहेबांच्या पत्नी इंदिराबाई माजघरात होत्या. त्यांनी अंगरखा उलगडला, खिडकीशी नेऊन पाहिला आणि हाताने चाचपला.

"अहो, हे कसं केलंत? काल ह्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आता हा भांडी पुसायच्या लायकीचा."

"खालच्या चुणीत थोडं राहिलंय," अहल्याबाई म्हणाल्या. "ते नाही जाणार."

"ते कोण बघतंय?"

पलीकडच्या खोलीत तात्यासाहेब पगडी बांधून घेत होते. दार उघडं होतं आणि आतलं बोलणं त्यांना ऐकू जात होतं, हे अहल्याबाईंना माहीत होतं. घरून निघताना त्यांनी ठरवलं नव्हतं. वाटेतही ठरवलं नव्हतं. तिथे उभं असताना त्यांना एवढंच वाटलं, की आता अंगरखा देऊन परत गेलो तर उद्यापासून पुन्हा तेच.

"वहिनी, साहेबांना म्हणावं, यांच्यावर रागावू नका," त्या इंदिराबाईंना म्हणाल्या, पण आवाज जरा मोठा करून. "ह्यांचा हात थरथरतो. दीड वर्ष झालं. वैद्यांचं तेल चालू आहे पण उतार नाही. एकेक पान तीनदा लिहितात. लाजेने सांगत नाहीत."

इंदिराबाईंनी दाराकडे पाहिलं. मग तात्यासाहेब तिथूनच म्हणाले, "दीड वर्ष? मला वाटलं वय झालं म्हणून हल्ली सावकाश लिहितात. दोनदा बोललोही त्यांना." पुढे म्हणाले, "आज सण आहे. सुट्टी संपली की बघतो. त्यांना म्हणावं, मी रागावलेलो नाही."

अहल्याबाई नमस्कार करून बाहेर पडल्या. तळ्याच्या काठाने माणसं स्वारी बघायला निघाली होती, मुलांच्या टोप्यांत जवाचे तुरे होते. निरुपमाने विचारलं, "आई, तू बाबांना विचारलं होतंस हे सांगायचं म्हणून?"

"नाही."

"मग?"

"मग आता घरी जाऊन सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. सोनं वाटून झालं, जेवणं झाली, मग सांगितलं. भास्कररावांनी ऐकून घेतलं.

"माझ्या हाताची गोष्ट होती ती," ते म्हणाले. "सांगायची तर मी सांगितली असती."

"दीड वर्ष होतं तुमच्यापाशी."

"दहा वर्षं घेतली असती. माझी होती."

अहल्याबाईंना आपलं चुकलं असं वाटत नव्हतं आणि नवऱ्याचं चुकीचं आहे असंही वाटत नव्हतं. भास्करराव पुढचे आठ-नऊ दिवस कामापुरतं बोलले. मीठ कमी आहे का, असं अहल्याबाईंनी विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचे. त्या रोज अंगरखा धुवायच्या. डाग तसेच येत होते.

सुट्टीनंतर पाचव्या दिवशी तात्यासाहेबांनी भास्कररावांना बोलावलं. कचेरीच्या मागच्या खोलीत जुन्या कागदांचे रुमाल पडून होते, लाल कापडात बांधलेले, शंभर-शंभर वर्षांपूर्वीचे. सगळं मोडी, आणि नाना तऱ्हेच्या हातांचं. नव्या मंडळींना ते वाचता येत नव्हतं. त्या कागदांची यादी करायचं काम कित्येक वर्षं राहून गेलं होतं. तात्यासाहेब म्हणाले, "तुम्ही वाचा, हेरंब लिहून घेईल. मोडी वाचण्यात तुमचा हात धरणारा कोणी नाही." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन ते ओशाळले. भास्करराव मात्र हसले. घरी येऊन त्यांनी ही गोष्ट अहल्याबाईंना सांगितली, आणि दसऱ्यानंतर त्या दोघांचं पहिलं नीट बोलणं त्या संध्याकाळी झालं.

सुरुवातीला भास्कररावांना ते काम बोचलं. हेरंबचं अक्षर वेडंवाकडं. प्रत्येक ओळीला त्यांचा जीव वरखाली व्हायचा. "त्याचा 'क्ष' बघवत नाही," असं घरी येऊन म्हणायचे. पण कागद वाचण्यात त्यांचं मन रमलं. कुठल्या गावच्या पाटलाने विहिरीसाठी अर्ज केला, कोणाची म्हैस कोणाच्या शेतात शिरली, हे ते जेवताना सांगू लागले. इतकी वर्षं न बोलणारा माणूस बोलायला लागला. अहल्याबाई वाढता वाढता ऐकत बसायच्या आणि पोळी तव्यावर करपायची.

इंदिराबाईंनी अंगरख्याची हकिकत चार घरी सांगितली होती. त्यामुळे अहल्याबाईंकडे कपडे येऊ लागले. कोणाचं उपरणं, कोणाचा परकर, परीक्षेच्या दिवसांत मुलांचे सदरे. त्या काम करून देत आणि कसं केलं तेही सांगत. लपवून ठेवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटत नसे. एका बाईने लग्नाचा जांभळा शालू आणला होता; त्यावर कोणाच्या तरी हातून दौत सांडली होती. अहल्याबाईंनी एका कोपऱ्याला चुक्याचा थेंब लावून पाहिला, तिथला जांभळा रंग लाल झाला, आणि त्यांनी शालू घडी करून परत दिला. "डाग असू द्या, नाहीतर शालू राहणार नाही," म्हणाल्या.

निरुपमा सोळा वर्षांची झाल्यावर तिचं लग्न झालं. स्थळ नवसारीचं होतं, जावई शाळेत शिकवत. ती गेली आणि घरात पत्र लिहायला कोणी उरलं नाही. भास्कररावांच्या हाताने आता नावसुद्धा लिहून होत नव्हतं. पहिली दोन पत्रं हेरंबने लिहून दिली, पण मुलीला काय लिहायचं ते परक्यासमोर सांगताना अहल्याबाईंना संकोच व्हायचा. "बरी आहेस ना" आणि "जपून राहा" याच्यापुढे गाडी जायचीच नाही.

"तूच शीक," भास्करराव एकदा म्हणाले.

"आता? चाळिशी उलटली माझी."

"बायकांना वाचायला पुस्तकांच्या पेट्या फिरवतंय सरकार. तुला पत्र लिहिता येऊ नये?"

अहल्याबाईंना अक्षरं ओळखता येत होती. निरुपमाच्या पाटीवर बघून बघून तेवढं जमलं होतं. लिहिता येत नव्हतं. मग दुपारची झाकपाक झाली की दोघं परसात बसत. भास्कररावांना हाताला धरून शिकवणं शक्य नव्हतं, म्हणून ते तोंडाने सांगत. "वरून खाली आण. आता डावीकडे पोट काढ. एवढं मोठं नको. थांब. आता काना." त्या टाक इतका घट्ट धरायच्या की निब वाकडी व्हायची. ते न रागावता नवी निब घालायला सांगायचे. हे चार महिने चाललं. रेवाबेन विहिरीवरून बघायची आणि म्हणायची, "भास्करराव, मारी पण पाटी आणू?"

आषाढात पहिलं पत्र तयार झालं. सात ओळींचं. घरी सगळे बरे आहेत, विहिरीला पाणी चांगलं आहे, रेवाबेनच्या मुलाला मांडवीतच दुसऱ्या दुकानात काम मिळालं, बाबा हल्ली पुष्कळ बोलतात, तुझी आठवण येते. शेवटी आशीर्वाद. भास्कररावांनी ते तीनदा वाचलं. शेवटच्या ओळीला त्यांनी बोट लावलं, काहीतरी सांगणार होते, पण सांगितलं नाही. अहल्याबाईंनी स्वतः जाऊन ते टपालाच्या पेटीत टाकलं.

आठ दिवसांनी नवसारीहून उत्तर आलं. भास्कररावांनी ते मोठ्याने वाचलं. निरुपमाने लिहिलं होतं, की पत्र मिळालं, अक्षर कोणाचं ते आधी समजलं नाही आणि समजल्यावर तिने ते सासूबाईंना दाखवलं. आणि खाली, जरा बारीक अक्षरात, "आशीर्वादातली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व पडली आहे, पण आशीर्वाद पोचला."

"चुकलं का?" अहल्याबाईंनी विचारलं.

"मी सांगताना चुकलो असेन," भास्करराव म्हणाले.